मधुमेह, व्यायाम आणि इन्शुलिनचा पंप

औषध देण्याची कला मनुष्यास फार पूर्वीं साधली. देतां देतां हात आवरण्याची कला मात्र त्यास अगदीं अलीकडे, आणि तीहि अर्धीमुर्धीच साधली आहे. ही गोष्ट मधुमेहाच्या इतिहासांत जितकी स्पष्ट दिसते तितकी ती दुसऱ्या रोगाच्या इतिहासांत क्वचितच दिसेल. पत्त्यांच्या जोडाएवढी एक पेटी कमरेस अडकवून, तिच्यांतून निघालेली बारीक नळी पोटाच्या कातडीखालीं बसवून, डोंगर चढणारीं, सायकल हांकणारीं आणि मैदानावर धांवणारीं माणसें आज अनेक देशांत दृष्टीस पडतात. ही पेटी म्हणजे इन्शुलिनचा पंप होय. वारंवार सुई टोंचून घेण्याचा त्रास वांचविणारें साधन, एवढीच तिची ख्याति सामान्यतः झालेली आहे. ही ख्याति खोटी नव्हे. परंतु ज्यास शरीर राबवावयाचें आहे, खेळावयाचें आहे, पायीं हिंडावयाचें आहे, अशा मधुमेह्यास तिचा खरा उपयोग निराळाच आहे. आणि तो नीट कळण्यास गेल्या शंभर वर्षांचा इतिहास थोडा चाळून पाहिला पाहिजे.

मधुमेह आणि व्यायाम यांचा संबंध आपल्या देशांत नवा नाहीं. सुश्रुतानें प्रमेहाचे दोन प्रकार मानले आहेत : एक जन्मापासून लागलेला, दुसरा अपथ्यानें ओढवलेला. पहिल्या प्रकारचा रोगी कृश असतो, दुसरा बहुधा स्थूल. स्थूल रोग्यास सुश्रुत व्यायाम सांगतो, आणि तोहि कांहीं हलका नव्हे. निर्धन रोग्यानें पायांत वहाण न घालतां, डोक्यावर छत्री न धरतां, भिक्षेवर निर्वाह करीत शंभर योजनें चालावें, एका गांवीं एका रात्रीहून अधिक राहूं नये, अथवा विहीर खणावी, असा त्याचा उपदेश आहे. कृश रोग्यास मात्र सतत जपावें असें तो बजावतो. या भेदांत केवढें मर्म सांठविलें होतें तें कळावयास पुढें फार काळ जावा लागला. स्थूल रोग्याच्या शरीरांत इन्शुलिन असतें, पण त्याचें काम नीट होत नाहीं. चालण्यानें तें सुधारतें. कृश रोग्याच्या, विशेषतः लहान मुलांच्या शरीरांत, इन्शुलिन उत्पन्नच होईनासें होतें. त्यास कितीहि चालविलें तरी उपयोग व्हावयाचा नाहीं; उलट तो अधिकच झिजेल. प्रस्तुत लेखाचा विषय मुख्यतः या दुसऱ्या रोग्याशीं, म्हणजे आजच्या भाषेंत पहिल्या प्रकारच्या मधुमेह्याशीं आहे.

इन्शुलिनच्या शोधाची कथा बहुतेक वाचकांस ठाऊक असेल. ती येथें थोडक्यांत सांगतों. १८६९ मध्यें पॉल लांगरहान्स या जर्मन विद्यार्थ्यास स्वादुपिंडांत पेशींचीं लहान लहान बेटें आढळलीं. १८८९ मध्यें स्ट्रासबुर्ग येथें मिंकोव्हस्की आणि फॉन मेरिंग यांनीं एका कुत्र्याचें स्वादुपिंड काढून टाकलें, तेव्हां त्यास मधुमेह झाला. त्यानंतर तीस वर्षें त्या बेटांतील द्रव्य वेगळें काढण्याची खटपट चालली होती. आणि तोंवर रोगी मुलांस उपाशी ठेवून त्यांचें आयुष्य कांहीं महिने किंवा एकाददुसरें वर्ष लांबविणें एवढाच उपाय डॉक्टरांच्या हातीं होता. १९२१ सालीं टोरोंटो येथें फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनीं मॅक्लाउड यांच्या प्रयोगशाळेंत तें द्रव्य काढलें, कॉलिप यांनीं तें शुद्ध केलें, आणि जानेवारी १९२२ मध्यें लेनर्ड टॉमसन या चौदा वर्षांच्या मुलास तें प्रथम टोंचण्यांत आलें. मरणोन्मुख मुलें महिन्या दोन महिन्यांत अंगानें भरूं लागलीं. मृत्यूच्या दारांतून परत आलेल्या या मुलांस स्वाभाविकपणेंच खेळावेंसें वाटूं लागलें. आणि येथेंच एक नवी अडचण उभी राहिली.

ती अडचण शास्त्रीय रीतीनें ज्यांनीं मांडली त्यांपैकीं एक स्वतःच मधुमेही होते. रॉबर्ट लॉरेन्स हे लंडन येथील तरुण डॉक्टर. १९२० च्या सुमारास त्यांस हा रोग झाल्याचें कळलें, आणि आयुष्याचे उरलेले दिवस शांतपणें काढावे म्हणून ते इटलींत फ्लॉरेन्स येथें जाऊन राहिले. १९२३ मध्यें इन्शुलिन हातीं आल्याचा निरोप लंडनहून एका स्नेह्यानें धाडला. तेव्हां हे क्षीण गृहस्थ स्वतः मोटार हांकीत युरोप ओलांडून घरीं आले, आणि पुढें १९६८ पर्यंत जगले. याच लॉरेन्स यांनीं १९२६ मध्यें व्यायामाचा इन्शुलिनच्या क्रियेवर होणारा परिणाम प्रयोगानें दाखविला. टोंचलेलें इन्शुलिन तेवढेंच असतां मनुष्य श्रम करूं लागला कीं रक्तांतील साखर कितीतरी अधिक वेगानें उतरते, असा त्याचा निष्कर्ष होता.

असें कां व्हावें? निरोगी मनुष्य धांवूं लागला कीं त्याचें स्वादुपिंड इन्शुलिन सोडणें आपोआप कमी करतें. राबणारे स्नायू इन्शुलिनच्या मदतीवांचूनहि रक्तांतील साखर ओढून घेऊं शकतात, आणि इन्शुलिन कमी झाल्यामुळें यकृत आपल्या सांठ्यांतील साखर मोकळी करतें. एकीकडून खर्च, दुसरीकडून भरणा, असा हिशेब जुळतो. सुईनें घेतलेल्या इन्शुलिनास ही समज कोठून असणार? तें कातडीखालीं एका जागीं सांठलेलें असतें. मनुष्य धांवो कीं झोंपो, तें आपल्या गतीनें रक्तांत उतरतच राहतें. स्नायू साखर ओढीत आहेत आणि यकृताचा हात मात्र इन्शुलिननें बांधून धरला आहे, अशा स्थितींत हातापायांस कंप सुटतो, घाम फुटतो, बुद्धि गोंधळते, आणि वेळेवर साखर पोटांत न गेल्यास मनुष्य बेशुद्ध पडतो. सारांश, एकदां टोंचलेलें इन्शुलिन परत घेतां येत नाहीं. या एका वाक्यांत खेळणाऱ्या मधुमेह्याची पन्नास वर्षांची अडचण सांठविलेली आहे.

पुढील सुधारणांनीं ती कमी होण्याऐवजीं एका परीनें वाढलीच. १९३६ मध्यें डेन्मार्कांत हागेडोर्न यांनीं सावकाश उतरणारें इन्शुलिन तयार केलें. १९४६ मध्यें त्याच घराण्यांतील दुसरें निघालें. दिवसांतून तीन-चार वेळां टोंचण्याऐवजीं एकदां-दोनदां टोंचून भागूं लागलें. परंतु सकाळीं घेतलेली मात्रा संध्याकाळच्या खेळावरहि सत्ता गाजवूं लागली. रोग्यास घड्याळाकडे पाहून जेवावें लागे, घड्याळाकडे पाहून चालावें लागे. बोस्टनचे प्रसिद्ध डॉक्टर एलियट जॉस्लिन मधुमेह्याच्या रथास आहार, इन्शुलिन आणि व्यायाम असे तीन घोडे जुंपलेले आहेत असें म्हणत. उपमा मोठी सुंदर आहे. पण तीन घोड्यांपैकीं एकाचा लगाम एकदां सोडला कीं तो पुन्हां हातीं येत नसे, ही गोष्ट सारथ्यास रोज अनुभवावी लागे.

हा लगाम परत मिळविण्याचा प्रयत्न म्हणजेच पंपाचा इतिहास. १९६० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत लॉस एंजेलिस येथील डॉ. आर्नल्ड कडिश यांनीं रक्तांतील साखर सतत मोजून त्याप्रमाणें औषध सोडणारें एक यंत्र सिद्ध केलें. तें पाठीवर घ्यावयाच्या मोठ्या थैलीएवढें होतें. कल्पना अचूक, पण शरीर बिचारें तिचा हमाल झालेलें! १९७४ मध्यें पॅरिस येथें जेरार स्लामा आणि त्यांचे सहकारी यांनीं हिंडत्याफिरत्या रोग्यांस लहान पंपानें शिरेंतून कांहीं दिवस सतत इन्शुलिन दिलें. अमेरिकेंत डीन केमन या तरुण यंत्रज्ञानें अंगावर वागविण्याजोगा पंप तयार करून १९७६ मध्यें ऑटोसिरिंज नांवाची कंपनी काढली. तिच्या एका पंपास त्याच्या आकारावरून लोक ‘निळी वीट’ म्हणत.

परंतु आजच्या पद्धतीचा खरा पाया लंडनच्या गायज रुग्णालयांत घातला गेला. जॉन पिकप, हॅरी कीन आणि त्यांचे सहकारी यांनीं १९७८ मध्यें शिरेचा मार्ग सोडून कातडीखालींच सतत इन्शुलिन सोडण्याची रीत प्रसिद्ध केली. पंप मिल हिल येथील संशोधनसंस्थेंत घडविलेला होता. त्यास दोन गती होत्या : एक संथ, अहोरात्र चालणारी, दुसरी जेवणाच्या वेळीं कांहीं काळ वाढविण्याची. पुढच्याच वर्षीं अमेरिकेंत येल येथें टॅंबरलेन, शेरविन आणि फेलिग यांनीं तरुण रोग्यांवर असाच यशस्वी प्रयोग केला. शंकराच्या पिंडीवर टांगलेली गळती ज्यांनीं पाहिली आहे त्यांस ही योजना समजावून सांगण्याची गरज नाहीं. थेंब थेंब पडत राहावयाचा, आणि विशेष प्रसंगीं हातानें तांब्याभर पाणी घालावयाचें. थेंबांच्या या संथ गळतीस आपण ‘मूळ धार’ म्हणूं. तिचें प्रमाण पाहिलें म्हणजे नवल वाटतें. आजच्या इन्शुलिनच्या एका मिलिलिटरांत शंभर युनिटें असतात. एखाद्या प्रौढ मनुष्याची मूळ धार तासास ०·८ युनिट असली, तर संबंध तासांत एका मिलिलिटराच्या हजार भागांपैकीं आठ भाग एवढाच द्रव त्याच्या शरीरांत जातो.

येथें एक गोष्ट ध्यानांत धरण्याजोगी आहे. हा पंप खेळाडूंसाठीं निर्माण झाला नव्हता. रक्तांतील साखर जवळजवळ निरोग्यासारखी राखिली असतां डोळे, मूत्रपिंडें आणि मज्जातंतू यांचा नाश टळतो किंवा नाहीं, या मोठ्या प्रश्नाच्या संशोधनासाठीं तो साधन म्हणून पुढें आला. त्या प्रश्नाचें उत्तर अमेरिका व कॅनडा येथें १९८३ ते १९९३ या दहा वर्षांत १४४१ रोग्यांवर केलेल्या प्रसिद्ध प्रयोगानें दिलें. पंपानें अथवा दिवसांतून तीन किंवा अधिक टोंचण्यांनीं साखर काटेकोर राखणाऱ्यांत डोळ्यांचा विकार उद्भवण्याचा धोका ७६ टक्क्यांनीं कमी झाला. परंतु त्याच रोग्यांत साखर एकदम उतरून दुसऱ्याच्या मदतीची गरज पडण्याचे प्रसंग सुमारें तिप्पट झाले. म्हणजे डोळे वांचविण्यासाठीं साखर खालीं ठेवावी, तर धांवतांना पडण्याची भीति. पडूं नये म्हणून वर ठेवावी, तर पुढें डोळ्यांस भीति, असा हा पेंच होता. धारेवर क्षणोक्षणीं ताबा चालविणें ही चैन नसून गरज आहे, हें यानंतर स्पष्ट झालें. १९९६ मध्यें जलद उतरणारें लिस्प्रो इन्शुलिन वापरांत आलें, आणि पंपाच्या आज्ञेचा परिणाम पूर्वींपेक्षां लवकर दिसूं लागला.

आतां पंप प्रथमच लावून घेणाऱ्या मनुष्याकडे वळूं. त्यास आरंभीं दोन गोष्टी शिकाव्या लागतात, आणि दोन्ही त्याच्या जुन्या संवयींच्या उलट असतात. पहिली ही कीं, इन्शुलिन आतां कमी लागतें. बहुधा डॉक्टर पूर्वींच्या दिवसभराच्या मात्रेंतून पांचवा हिस्सा किंवा थोडा अधिक कमी करतात, आणि उरलेल्याचा सुमारें अर्धा भाग मूळ धारेस देतात. ती धार बरोबर आहे कीं नाहीं हें पाहण्यासाठीं एखादें जेवण टाळून तासातासानें साखर मोजावयाची. साखर स्थिर राहिली तर धार जुळली. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. सुईच्या पद्धतींत कातडीखालीं दिवसभराचा सांठा असे. पंपाच्या पद्धतींत सांठाच नाहीं. नळी मुडपली, सुटली किंवा घामानें तिची चिकटपट्टी निघाली, तर थोड्याच तासांत शरीर इन्शुलिनवांचून उघडें पडतें, कीटोनें सांचूं लागतात, आणि ओकाऱ्या सुरू होतात. म्हणून दोन-तीन दिवसांनीं नळीची जागा बदलावी, साखर अकारण चढली तर प्रथम नळीवर संशय घ्यावा, आणि पंप कितीहि उत्तम असला तरी जवळ सुई व इन्शुलिनची कुपी बाळगावी, असा नियम आहे. आवरण्याची शक्ति मिळाली ती कोठार रिकामें करून मिळाली, हें विसरून चालत नाहीं.

व्यायामाच्या वेळीं या शक्तीचा उपयोग किती होतो हें अमेरिकेंत ४९ मुलांवर केलेल्या एका प्रयोगांत चांगलें दिसलें. त्याचा वृत्तान्त २००६ मध्यें प्रसिद्ध झाला. पंप वापरणाऱ्या ८ ते १७ वर्षांच्या मुलांनीं एके दिवशीं मूळ धार चालू ठेवून व दुसऱ्या दिवशीं ती बंद करून सारखाच व्यायाम केला. धार चालू असतां ४३ टक्के मुलांची साखर फार खालीं गेली. बंद असतां १६ टक्के मुलांचीच गेली. परंतु धार बंद ठेवल्याच्या दिवशीं व्यायामानंतर साखर अति चढलेल्या मुलांचें प्रमाण ४ टक्क्यांवरून २७ टक्क्यांवर आलें. एका हातानें घेतलें तें दुसऱ्या हातानें कांहीं अंशीं द्यावें लागलें.

शिवाय आज्ञा आणि परिणाम यांत अंतर असतें. बटण दाबतांच धार थांबते. पण आधीं कातडीखालीं गेलेले थेंब तास-दीड तास रक्तांत उतरतच राहतात. धांवावयास निघतांना धार बंद करणारा मनुष्य घरीं परत आल्यावर तिचा लाभ घेतो! इन्शुलिन ज्या टोरोंटो शहरांत निघालें, त्याच शहरांतील मायकेल रिडेल आणि इतर तज्ज्ञ यांनीं २०१७ मध्यें एकमतानें जो सल्ला प्रसिद्ध केला, त्यांत व्यायामापूर्वीं ६० ते ९० मिनिटें मूळ धार ५० ते ८० टक्क्यांनीं उतरवावी असें सांगितलें आहे. पंप अजिबात काढून ठेवावयाचा झाल्यास तो फार तर दोन तासांपर्यंतच. संध्याकाळीं श्रम केले असतील तर रात्रींची धारहि सुमारें २० टक्क्यांनीं कमी करावी. कारण रिकामे झालेले स्नायू रात्रभर साखर भरून घेत असतात, आणि साखर उतरण्याचा प्रसंग खेळानंतर सहा ते पंधरा तासांनींहि येतो. याउलट वजनें उचलणें किंवा थोडें पण जोराचें धांवणें यांनीं साखर तात्पुरती चढते. सर्व व्यायामांस एकच आंकडा लावतां येत नाहीं. म्हणून प्रथम पंप लावणाऱ्यानें तोच व्यायाम, त्याच वेळीं, तितकाच वेळ, असा कांहीं दिवस करून साखरेची टिपणवही ठेवावी, हा अनुभवी डॉक्टरांचा सल्ला फार शहाणपणाचा आहे.

पंपावांचून पराक्रम होत नाहीं असें मात्र कोणीं समजूं नये. इंग्लंडचे नावाडी स्टीव्ह रेडग्रेव्ह यांस १९९७ मध्यें मधुमेह झाला. दिवसांतून अनेक वेळां सुई टोंचून घेऊन त्यांनीं २००० मध्यें सिडनी येथें आपलें पांचवें ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकलें. आपल्या क्रिकेटप्रेमी वाचकांस वसीम अक्रम यांचें नांव सांगावयास नकोच. त्यांसहि १९९७ मध्येंच हा रोग जडला, आणि २००३ च्या विश्वचषकांत एकदिवसीय सामन्यांतील पांचशेवा बळी त्यांनीं त्यानंतरच घेतला. उलट पंप असूनहि माणूस पडतो. अमेरिकन स्कीपटु क्रिस फ्रीमन हे पंप वापरीत. २०१० च्या व्हॅंकुव्हर ऑलिंपिकांत ३० किलोमीटरांच्या शर्यतींत साखर उतरून ते बर्फावर कोसळले. कोणीं गोड पेय दिलें तें पिऊन ते उठले आणि त्यांनीं शर्यत पुरी केली. पंपानें त्यांस वांचविलें नाहीं, आणि पंपामुळें ते हरले असेंहि म्हणतां येणार नाहीं. शर्यतीच्या दिवशीं शरीर किती साखर जाळील याचा अंदाज मनुष्यासच करावा लागतो, आणि अंदाज कधीं चुकतो.

हा अंदाज यंत्रानेंच करावा म्हणून अलीकडे पंपास साखर मोजणारा संवेदक जोडण्यांत आला आहे. सप्टेंबर २०१६ मध्यें अमेरिकन सरकारनें पहिल्या अशा पंपास मान्यता दिली. साखर उतरूं लागली कीं तो मूळ धार आपण होऊन आंखडतो. कडिश यांचें पाठीवरचें ओझें अर्ध्या शतकानंतर खिशांत येऊन बसलें. परंतु यांतहि व्यायामाची सूचना मनुष्यानेंच आगाऊ द्यावी लागते. त्या पहिल्या यंत्रांत एरव्हीं १२० मिलिग्रामांवर रोंखलेलें लक्ष्य व्यायामासाठीं १५० वर नेण्याची सोय होती. पण “आतां मी धांवणार आहें” हें यंत्रास सांगावयाचें काम धांवणाऱ्याचेंच होतें. मनांतला बेत वाचणारा संवेदक अजून निघालेला नाहीं.

या सर्व इतिहासाचें तात्पर्य काय? पंपानें मधुमेह्याचे कष्ट नाहींसे केले नाहींत. त्यानें त्यांचें स्वरूप बदललें. पूर्वीं रोगी इन्शुलिनच्या मागोमाग खात सुटे; आतां इन्शुलिनास आपल्या मागोमाग चालावयास लावण्याची सत्ता त्याच्या हातीं आली आहे. सत्तेबरोबर जागरूकताहि आली. ज्यास ही जागरूकता नको असेल त्यास पंप हें नवें जोखड वाटेल, आणि चांगल्या सुईनें व चांगल्या हिशेबानें त्याचें तितकेंच बरें चालेल. ज्यास हिंडावयाचें आहे त्यास मात्र ही देणगी अमोल आहे. खेद एवढाच कीं, यंत्राची किंमत आणि त्याच्या नळ्या व संवेदक यांचा दरमहाचा खर्च आपल्या देशांतील सामान्य कुटुंबाच्या आवांक्याबाहेर आहे. बँटिंग आणि त्यांचे दोन सहकारी यांनीं इन्शुलिनचा हक्क टोरोंटो विद्यापीठास प्रत्येकीं एका डॉलरास देऊन टाकला होता. त्या औदार्याच्या कांठावर उभें राहून पाहिलें असतां, मैदानाबाहेर बसून दुसऱ्यांचा खेळ पाहणारें मधुमेही मूल हें आतां शास्त्राच्या अपुरेपणाचें लक्षण राहिलेलें नाहीं. तें आपल्या व्यवस्थेच्या अपुरेपणाचें लक्षण आहे, आणि तें दूर करणें हें डॉक्टरांपेक्षां समाजाचें काम आहे.